गुरुजी, पृथ्वी त्याहून म्हातारी आहे

गुरुजी, परवा तुमची तेरवी झाली. मी आले होते. फोटोला फूल वाहिलं आणि मंडपात मागच्या रांगेत जाऊन बसले. पंगतीत तुमच्या धाकट्या भावानं आग्रहानं दुसरा लाडू वाढला, नको म्हणता आलं नाही. खाता खाताच रडू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं ठसका लागला, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. सात महिने तुमच्याशी एक शब्दही न बोललेली बाई तुमच्या तेरवीला बसून रडते आहे, हे त्यांना काय सांगणार? मी पाणी प्यायले.

बोलायचं राहिलं म्हणून लिहिते आहे. तुमचं शिक्षण, तुमची गावं, तुमचा गोतावळा, हे सगळं तुमच्या मुलानं पेपरात छापलं आहे. फोटोत तुमचे केस चक्क काळे आहेत. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे, कारण ते अर्ध्यात टाकून तुम्ही निघून गेलात आणि चूक माझी होती.

आपली जोडी पाहून लोक गालात हसायचे. मी बोअरचा पॉइंट काढून देणारी भूवैज्ञानिक आणि तुम्ही त्याच पॉइंटवर पूजा सांगणारे गुरुजी. मी जमिनीत चार सळया ठोकायची, वायरी जोडून मशीनवरचे आकडे उतरवायची आणि शेवटी चुन्यानं एक गोल काढायची. त्या गोलात तुम्ही पाट मांडायचे. पहिल्याच भेटीत मी तुम्हाला सांगून टाकलं होतं, "गुरुजी, मी मेश्राम. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. मी हात जोडणार नाही, पण तुमच्या कामात लुडबुडही करणार नाही."

तुम्ही तांब्या पुसत होता. मान वर न करता म्हणालात, "नका जोडू न बाप्पा. पाणी तं तुमच्याच मशीननं लागणार आहे. मी आपला जमिनीले इचारून घेतो, आमी भोक पाडून राहिलो म्हून. कोणाच्या घरात घुसाचं तं इचारा नाही लागत का?"

मला तुम्ही तिथेच आवडलात. पुढे वीस-बावीस वर्षं आपण दोघांनी मिळून अर्ध्या नागपूरला भोकं पाडली.

लुडबुड केली नाही हे खरं, पण कान काही बंद करता येत नाहीत. तुमचा संकल्प मी शेकडो वेळा ऐकला. हातात पाणी घेऊन आपण कोण, कुठे, कोणत्या घटकेला हे कर्म करतो आहोत ते सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण तुम्ही ते ब्रह्मदेवाच्या वयापासून सुरू करायचे. मग कल्प, मग मन्वंतर, मग युग, मग युगाचा पहिला चरण. काळ संपला की जागा. भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा उत्तर तीर. आणि तिथून एकदम हुडकेश्वर, मग प्लॉट नंबर, मग घरमालकाचं नाव आणि गोत्र, आणि शेवटी बोअर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. ब्रह्मदेवाला कशाला उठवायचं, नगरसेवकाला उठवा, असं मी म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, "त्याले उठवून पाह्यलं. ब्रह्मदेव लवकर उठते."

नंतर हसू येईनासं झालं. गुरुजी, माझ्या अहवालात प्रत्येक पानावर 'साडेसहा कोटी वर्षे' असं लिहिलेलं असायचं, आणि मी ते पिनकोड लिहावा तसं लिहीत होते. कॉलेजात पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, नोकरीत वापरलं. कधी थांबून विचार केला नव्हता. तुम्ही एकेक पायरी उतरत त्या अफाट काळातून खाली यायचे, अगदी माझ्या चुन्याच्या गोलापर्यंत, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. ज्या आकड्यांवर माझं पोट चालतं ते केवढे आहेत, हे मला तुमच्या तोंडून कळलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही वर्षभर चिडवलं असतं.

पूजा आटोपली की दुसरे गुरुजी पुढच्या घराकडे पळतात. तुम्ही थांबायचे. बोअरची गाडी सुरू झाली की धुरळ्यापासून दूर, उपरणं नाकावर धरून उभे. गाडीवाले दर दहा फुटांना खालून आलेल्या दगडाच्या भुशाची एक ढेरी लावतात. ओळीनं. आधी काळी, मध्येच विटकरी, मग पांढुरकी, आणि तिच्यापुढे एकाएकी चमचमणारी गुलाबी. हुडकेश्वरच्या त्या बोअरला तुम्ही धोतर आवरून ढेऱ्यांपुढे उकिडवे बसलात आणि काळ्या ढेरीला बोट लावलंत.

"हे केव्हाचं?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. लाव्हा होता."

"नागपूरवर?"

"नागपूरवर."

"आन् हे पांढरं?"

"त्याच्या आधीचा गाळ, गुरुजी. नदीतळ्यांचा. डायनासोर फिरायचे तेव्हा इथे."

"हुडकेश्वरात?"

"हुडकेश्वरात."

तुम्ही त्या पांढऱ्या भुशावर बोट टेकवलंत. मग म्हणालात, "प्लॉटाइचं लेआउट पडाच्या आंधी, म्हणा."

घरमालक हसला, मी हसले, पण तुमचं बोट ढेरीवरून हललं नव्हतं. भुसा अजून कोमट होता. तुम्ही तो चिमटीत घेतलात आणि अंगारा ठेवावा तसा कागदात बांधून खिशात ठेवलात.

त्यानंतरच मी तुम्हाला त्या बंद पडलेल्या खाणीत नेलं. मे महिना, सकाळी दहालाच डोकं तापलेलं. कपारीत दोन लाव्ह्यांच्या मधला हातभर जाडीचा थर आहे, त्यातल्या गोगलगायी मला तुम्हाला दाखवायच्या होत्या. दगड झालेल्या, नखाएवढ्या. मी समजावून सांगितलं. पहिला लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पावसाचं पाणी साचून तळं झालं. तळ्यात शेवाळं आलं, गोगलगायी आल्या, त्यांच्या किती पिढ्या नांदल्या कोण जाणे. आणि मग दुसरा लाव्हा आला.

तुम्ही गोगलगाय तळहातावर घेतलीत. "याइले माहीत होतं का, वरून अजून एक येऊन राहिला म्हून?"

"नाही."

"आपल्याले तरी कोणतं माहीत आहे," असं म्हणून तुम्ही वाकलात आणि चपला काढल्यात. काळा दगड, मे महिन्याचं ऊन. मी ओरडले, अहो गुरुजी, पाय भाजतील! "भाजू द्या न," म्हणालात, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, हात जोडून, डोळे मिटून तिथे उभे राहिलात. मला हसू येत होतं. आमच्या घरात जग कुणी केलं हा प्रश्नच कुणी विचारत नसे. आजोबा म्हणायचे, ते शोधत बसण्यापेक्षा समोरच्या माणसाचं दुःख काय ते बघ. मला ते तेव्हाही पटायचं, आजही पटतं. पण त्या दिवशी तुमच्याकडे पाहून वाटलं, नतमस्तक व्हायला कुणी केलं ते कळायलाच हवं असं नाही. मीही त्या कपारीपुढे मिनिटभर उभी राहिले. माझ्या पायांत बूट होते, एवढाच फरक.

आणि मग ती लकडगंजातली वखार. त्याचंच मला बोलायचं आहे, मघापासून मी तिथे यायचं टाळते आहे.

लकडगंजात काळा दगड नाही. माती आणि मुरूम संपला की थेट गुलाबी दगड लागतो, नागपूरचा सगळ्यात खालचा. तुम्ही विचारलंत, हा केव्हाचा. मी म्हटलं, दीडशे कोटी वर्षांच्या पुढचा. तुम्ही सागाच्या ओंडक्यावर बसलात आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागलात. मोजता मोजता तुमचा चेहरा असा उजळला, गुरुजी, की मी तो अजून विसरू शकत नाही.

"मॅडम, आमच्या संकल्पाचा हिशेब लावला तं हा कल्प सुरू होऊन एकशे सत्त्याण्णव कोटी वर्षं झाली. तुमचा खालचा दगड दीडशे कोटी. बसला न आमच्या आत! बरोब्बर बसला!" तुम्ही उठून उभे राहिलात. "याच्याखाली काही नाही न?"

"नागपुरात तरी नाही," मी म्हटलं.

"आन् बाहेर?"

मला माहीत होतं. इथून बस्तरकडे गेलं की तीनशे कोटींच्या पुढचे दगड उघड्यावर पडले आहेत. आभाळातून पडलेल्या दगडांवरून पृथ्वीचं वय चारशे चोपन्न कोटी वर्षं निघतं, हे मी अठराव्या वर्षी शिकले. तुमचा आकडा निम्म्याहून कमी पडत होता. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी मशीनची वायर गुंडाळत म्हटलं, "आपापल्या जागी दोन्ही बरोबर असतं, गुरुजी."

विषय संपवायला सभ्य माणसं जे बोलतात ते मी बोलले. तुम्ही मात्र ते जसंच्या तसं खरं मानलंत. पुढची दोन वर्षं प्रत्येक पूजेत, संकल्प झाला की, तुम्ही घरच्यांना अभिमानानं सांगायचे, "एकशे सत्त्याण्णव कोटी. इज्ञानानंही मानलं. या मेश्राम मॅडमनं सोता दगड पाहून सांगतलं." आणि मी तिथेच उभी, मशीनच्या पेटीत डोकं घालून.

का गप्प राहिले? एक कारण सांगते. मी मेश्राम आणि तुम्ही गुरुजी. तुमचा मंत्र चुकीचा आहे असं मी म्हटलं की लोक त्याचा भलताच अर्थ लावणार, ही धास्ती होती. पण खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. मला वाटलं, तुम्हाला झेपणार नाही. उन्हात तापलेल्या दगडावर अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल मला असं वाटलं.

मग तुमच्या नातीच्या भूगोलाच्या पुस्तकानं मला उघडं पाडलं. एका रविवारी सकाळी तुम्ही माझ्या दारात उभे, कापडी पिशवीत शाळेचं पुस्तक. मी चहा ठेवायला आत वळले तर तुम्ही तिथूनच विचारलंत, "मॅडम, चारशे चोपन्न कोटी. हे तुमाले माहीत होतं का?"

"हो."

"वखारीत बी माहीत होतं?"

"हो, गुरुजी."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तुम्ही तेव्हा ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही पुस्तक पिशवीत घातलंत, नीट, पान दुमडू न देता. "देवाधर्माचं मी पाहून घेतलं असतं. ते माझं काम आहे. दगडाचं तुमी सांगाचं होतं. ते तुमचं काम होतं." जिन्यापर्यंत जाऊन तुम्ही वळलात. "मले लहान पोरगं समजल्या तुमी, मॅडम." चहा उतू गेला आणि तुम्ही गेलात.

आता कबूल करते, मलाही राग आला होता. सत्तरीच्या माणसानं एवढं रुसावं? जगात सगळीकडे काय काय खोटं सांगितलेलं चालतं, आणि मी एकदा जरा मऊ बोलले तर एवढं आभाळ कोसळलं? फोन त्यांनी करावा, मी का करू, असं म्हणत सात महिने घालवले. माझ्या बोअरांना दुसरेच गुरुजी यायला लागले. एखाद्या पूजेत संकल्प सुरू झाला की मी मुद्दाम गाडीवाल्याशी मोठ्यानं बोलायची. मला वाटायचं तुम्ही विज्ञानावर रुसला आहात. तुम्हाला तुमचे एकशे सत्त्याण्णव कोटी सोडवत नाहीत, म्हणून तो राग माझ्यावर काढता. बघा, तेव्हाही मी तुम्हाला लहानच समजत होते.

तेरवीच्या दिवशी हात धुताना एक गृहस्थ भेटले. हुडकेश्वरचे. आपण त्यांच्याकडे बोअर केली होती, तीच पांढऱ्या ढेरीची, आणि वखारीनंतर त्यांच्या नव्या प्लॉटवरही. ते म्हणाले, "मॅडम, गुरुजी मांगं आमच्या घरी आले होते न. आमी जेवून राहिलो होतो. म्हणाले, उठू नका, फक्त आकडा दुरुस्त करा. मी तुमाले चुकीचं सांगतलं होतं. पृथ्वी त्याहून म्हातारी आहे."

मी हात पुसायलाही थांबले नाही. तशीच आत गेले, तुमच्या स्वयंपाकघरात. तिथे तुमच्या पत्नी, आमच्या काकू, एका पाटावर बसल्या होत्या, भोवती बायका. त्यांनी मला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. ज्या ज्या घरी तुम्ही तो आकडा सांगितला होता, त्या त्या घरी तुम्ही परत गेलात. हुडकेश्वर, हिंगणा, लकडगंज, सगळीकडे. मोपेडवर, मागे काकूंना बसवून, म्हणजे लोक दार तरी उघडतील.

"मले तं लाज ये वं बाई," काकू म्हणाल्या. "लोक इचारत, गुरुजी, पूजेचं काही राहून गेलं का? हे म्हणत, हो बाप्पा, अडीचशे कोटी वर्षं राहून गेली होती."

त्या रडता रडता हसल्या. मीही.

"माझं नाव घेत होते का हो काकू?"

"नाही. मीच चुकलो म्हणत. घरी बी नाही घेतलं."

वखारवाले शेठ मात्र भडकले होते म्हणे. तुमचा मंत्र खोटा असेल तर पूजा तुमच्याकडून कशाला करून घ्यायची, म्हणाले, आणि दसऱ्याची पूजा दुसऱ्या गुरुजींना दिली. काकूंना तुमचं त्यांना दिलेलं उत्तर तोंडपाठ होतं. "आमच्या लोकाइजवळ मशीन नव्हती, काही नव्हतं. डोळे मिटून बसले न् एकशे सत्त्याण्णव कोटी म्हणाची हिंमत केली. धा हजार म्हणून मोकळं होता आलं असतं. चुकले, शेठ. पण लहान नाही चुकले."

गुरुजी, मी भूशास्त्राच्या वर्गात आणि परिषदांमध्ये आयुष्य घालवलं. जुन्या माणसांच्या चुकीबद्दल इतकं न्यायाचं वाक्य मी तिथे ऐकलं नाही. आणि मला वाटत होतं तुम्हाला झेपणार नाही.

मी काकूंना विचारलं, मग पुढे संकल्प म्हणायचं सोडलं का. त्या म्हणाल्या, छे. तोच म्हणायचे, शब्द न बदलता. पण त्याआधी सगळ्यांना साध्या भाषेत सांगायचे, हा आमच्या पूर्वजांचा हिशेब आहे, पृथ्वी याहून खूप म्हातारी आहे. आणि मग हातात पाणी घेऊन थोडा वेळ नुसतेच उभे राहायचे. लोक चुळबुळायचे. काकूंनी एकदा घरी विचारलं, तेवढा वेळ काय करता. तुम्ही म्हणालात, "काही नाही वं. धाक वाटते."

तेवढं ऐकून मी घरी आले.

आज सकाळी हुडकेश्वरलाच एक पॉइंट होता. नवे गुरुजी आले, तरुण आहेत, आवाज चांगला आहे. पाट मांडून झाल्यावर घरच्यांना म्हणाले, "आपल्या संकल्पात पृथ्वीचं जे वय आहे ना, तेच आता विज्ञानानं सिद्ध केलंय, अगदी वर्षासकट. विचारा मॅडमना, त्या यातल्याच आहेत." सगळे माझ्याकडे वळले. घरमालक, त्यांची बायको, खुर्चीवर बसलेली त्यांची म्हातारी आई. मी वायर गुंडाळत होते. ती खाली ठेवली.

"नाही, गुरुजी," मी म्हटलं. "संकल्पाचा हिशेब एकशे सत्त्याण्णव कोटींचा. दगड चारशे चोपन्न कोटी सांगतात. दोन्ही एक नाहीत. पण तुम्ही म्हणा संकल्प. मला ऐकायचा आहे."

ते बिचारे लाल झाले. घरमालकानं पाटावरची सुपारी उगाच सरळ केली. म्हातारीनं मान वाकडी करून मला विचारलं, "मंग देव केव्हाचा वं बाई?"

"ते मला माहीत नाही, आजी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं आणि मग गुरुजींकडे वळली. "करा गा सुरू. देवाचं माहीत नाही म्हनते, म्हंजे दगडाचं खरंच सांगून राहिली असन."

माझी ही दोनच वाक्यं होती, गुरुजी. एक मला माहीत असलेलं, एक माहीत नसलेलं. वखारीत मी ती म्हटली असती, तर दोन्ही तुम्हाला झेपली असती.